निळूसाठी सोबत शोधताना

सासूबाईंनी हाक मारली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "अगं, तशीच ये, हा बघ काय करतोय." हात पिठाचे तसेच घेऊन मी हॉलमध्ये गेले. निळू, आमचा छोटा पाळीव पोपट, पिंजऱ्यातल्या गोल आरशासमोर बसला होता. मान वर-खाली, वर-खाली करत त्याने खाल्लेले दाणे पुन्हा चोचीत आणले आणि आरशातल्या पक्ष्याला भरवायला लागला. दाणे काचेवरून घसरून खाली पडले. त्याने परत मान हलवली, परत दाणे वर काढले, परत काचेला चोच लावली. काच चिकट झाली होती. सोललेले, भिजलेले राळ्याचे दाणे तिच्यावर वाळून बसले होते, म्हणजे हे आजचं नव्हतं.

"आरशाला भरवतोय गं हा," सासूबाई म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

ही गोष्ट २०२४ च्या जूनमधली. निळू आमच्याकडे आला २०२१ च्या एप्रिलमध्ये. करोनाची दुसरी लाट होती, आम्ही चौघंही डोंबिवलीच्या घरात अडकलो होतो. एका दुपारी गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीवर हा आकाशी रंगाचा, मूठभर जीव धापा टाकत बसलेला दिसला. कोणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला असणार. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, शेजारच्या तीन बिल्डिंगांत विचारलं, कोणी आलं नाही. लेकाने बुटाच्या खोक्याला भोकं पाडून त्याला रात्रभर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तो निळू झाला.

त्याचं पहिलं वर्ष फार सुखाचं गेलं. दिवसभर घरात माणसं. लेकाचा ऑनलाइन वर्ग सुरू असताना हा त्याच्या खांद्यावर. दाराची बेल वाजली की सासूबाई आतून "आले, आले!" म्हणतात, ते शब्द त्याने हुबेहूब उचलले, त्यांच्या त्या किंचित दमलेल्या सुरासकट. मग शाळा उघडल्या, माझी शाळेतली नोकरी सुरू झाली, यजमान पुन्हा सकाळची लोकल पकडायला लागले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लेक कॉलेजसाठी पुण्याला गेला. घरात राहिल्या सासूबाई आणि निळू. त्यांचं वय चौऱ्याहत्तर, दुपारी त्यांना पडावं लागतं. त्याच दिवसांत त्याला करमावं म्हणून मी आरसा आणून लावला. चांगलं करतेय असंच वाटलं होतं मला.

आपल्याकडे बाजारात ज्याला सरसकट लव्हबर्ड म्हणतात तो बहुतेक वेळा बजी असतो, बजरीगर. निळूही बजीच. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला. तिथे हे पक्षी पाऊस जिकडे पडेल, गवताला दाणा जिकडे धरेल तिकडे थव्याने फिरतात. रानातला बजी हिरवा-पिवळाच असतो, निळे-पांढरे रंग माणसाने पिंजऱ्यात जोपासलेले. १८४० मध्ये जॉन गोल्ड यांनी जिवंत बजी इंग्लंडला नेले, त्यानंतर हा पक्षी घराघरांत पोहोचला. म्हणजे पिढ्यान् पिढ्या थव्यात खाणारा, थव्यात झोपणारा, दिवसभर एकमेकांशी बोलत राहणारा हा जीव, आणि आमच्या हॉलमध्ये त्याच्या बोलण्याला उत्तर देणारी होती ती एक काच.

आरसा त्याच दिवशी काढला. सोबती आणायचा हेही जवळजवळ त्याच दिवशी ठरलं. पण आणेपर्यंत महिना गेला आणि तो महिना गेला ते बरंच झालं.

आधी ठाण्याला पक्ष्यांचं बघणाऱ्या डॉक्टरांकडे निळूला नेलं. त्यांनी त्याला हातात धरून छातीचं मधलं हाड बोटाने चाचपलं, चोच पाहिली, विष्ठा पाहिली, अडतीस ग्रॅम वजन लिहून घेतलं. मग मला दोन प्रश्न विचारले. "तुम्हाला वेळ नाही म्हणून दुसरा आणताय, की याला हवा म्हणून?" मी म्हटलं, दोन्ही. "आणि दोघांचं नाहीच पटलं तर दोन पिंजरे कायमचे ठेवाल का?" याचं उत्तर मला चटकन देता आलं नाही. घरी येऊन यजमानांशी बोलले, सासूबाईंशी बोलले, हॉलच्या कोपऱ्यातलं टीपॉय काढून दुसऱ्या पिंजऱ्याला जागा होते का ते मोजून पाहिलं. होत होती. मगच डॉक्टरांना फोन करून हो म्हटलं. कोणी विचारलं तर मी आजही हाच प्रश्न आधी विचारते. न पटलेला पक्षी परत करायचा किंवा कोणाला तरी देऊन टाकायचा, हा मार्ग मनात ठेवून दुसरा पक्षी आणूच नये.

नर की मादी यावर घरात दोन तट पडले. सासूबाईंना मादी हवी होती. "एकट्याला बायकोच करून द्या, भाऊ कसला देताय?" माझी नणंद म्हणाली, त्यापेक्षा राघूच आण, चांगला बोलतो. तिला सांगावं लागलं की आपल्याकडचा कंठवाला पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तो या एवढ्याशा पक्ष्याबरोबर ठेवताही येत नाही. मादीबद्दल डॉक्टरांनी नीट समजावलं. बजीची मादी नरापेक्षा जास्त हुकूम गाजवणारी असते, दोन माद्या तर सहसा जमवून घेत नाहीत. नर-मादी ठेवले तर मडकं किंवा पेटी न ठेवताही अंडी होऊ शकतात. एका वेळी चार-सहा अंडी, अठरा दिवस उबवणं, ती पिल्लं कुठे द्यायची, आणि सारखी अंडी घालून मादीच्या अंगातलं कॅल्शियम संपतं ते वेगळंच. दोन नर मात्र बहुतेक वेळा मित्रासारखे राहतात. सासूबाईंना अंड्यांचा मुद्दा पटला. त्यांना स्वतःला सहा भावंडं, मग पुढचं काही सांगावं लागलं नाही.

स्टेशनजवळच्या एका दुकानात मी पहिल्यांदा गेले. दोन फूट पिंजऱ्यात तीसेक पक्षी कोंबलेले. तळाशी एक पक्षी अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून, दोन्ही पाय टेकून बसला होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर त्याची शेपटी खाली-वर होत होती. निरोगी बजी आरामात झोपतो तेव्हा एक पाय पोटात घेतो. भर दुपारी दोन्ही पायांवर असा गोळा होऊन बसलेला पक्षी आजारी असतो. दुकानदाराने त्यालाच माझ्यासमोर धरला. "हा घ्या मॅडम, एकदम शांत आहे, हातात बसतो." मी लव्हबर्ड म्हटल्यावर त्याने वरच्या पिंजऱ्यातली केशरी तोंडाची, जाड चोचीची जोडीही दाखवली. ते खरे लव्हबर्ड, आफ्रिकेतले. त्यांच्या चोचीने बजीचं बोट सहज तुटू शकतं, तरी तो म्हणत होता दोन्ही एकत्र राहतात. त्या तळाशी बसलेल्या पक्ष्याला तिथे सोडून येताना फार जड गेलं. पण दया आली म्हणून आजारी पक्षी घरी नेला असता तर निळूचा जीव मी पणाला लावला असता.

डॉक्टरांनीच मग बदलापूरच्या एका काकांचा पत्ता दिला. कारखान्यातून निवृत्त झालेले, गच्चीवर जाळी मारून बजी पाळतात. गुरुपौर्णिमेच्या रविवारी, २१ जुलैला, मी तिकडे गेले. प्रत्येक पिल्लाच्या पायात कडं, आणि वहीत तारीख लिहिलेली. मला एक फिकट जांभळा पक्षी पाहताक्षणी आवडला. काका म्हणाले, "ताई, रंगाकडे नका बघू. नाकाकडे बघा."

बजीच्या चोचीच्या वर नाकपुड्यांभोवती एक गुळगुळीत फुगीर पट्टा असतो. मोठ्या नराचा तो निळा, मोठ्या मादीचा तपकिरी. पिल्लांत मात्र फरक बारीक असतो. नराचा सगळा पट्टा एकसारखा गुलाबी-जांभळा. मादीचा फिकट, आणि नाकपुड्यांच्या कडेला पांढरट रिंगण. माझ्या जांभळीला ते रिंगण होतं. पूर्ण पिवळ्या किंवा पांढऱ्या जातींत नराचा पट्टा मोठेपणीही गुलाबीच राहतो, तिथे नवशिक्याने जाऊच नये, असंही ते म्हणाले. वय ओळखायचं कपाळावरून. पिल्लाच्या कपाळावर काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत येतात आणि डोळा पूर्ण काळा असतो. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसं झडली की कपाळ स्वच्छ होतं आणि हळूहळू डोळ्याच्या बाहुलीभोवती पांढरं कडं येतं.

मला ते म्हणाले, बसा इथे तासभर, घाई करू नका. त्यांच्या घरच्यांनी चहा दिला. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून बघत राहिले. काकांनी दाण्याचं भांडं ठेवलं की दोन-तीन पक्षी बाकीच्यांना हुसकावून बसायचे. काही घाबरून लांबच्या फांदीवर जायचे ते तिथेच राहायचे. एक हिरवा, पिवळ्या तोंडाचा पिल्लू मात्र हुसकावलं की वीतभर बाजूला सरायचा, थांबायचा, आणि जागा झाली की परत यायचा. भांडण काढत नव्हता, उपाशीही राहत नव्हता. चार वेळा पाहिलं, चारही वेळा तेच. निळू घरातला जुना, हक्क सांगणार. त्याच्यासमोर मोडून पडणारा नको होता आणि त्याच्या उरावर बसणाराही नको होता. मी म्हटलं, हा.

काकांनी त्याला उलटा करून दाखवला. शेपटीखाली पिसं कोरडी, स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, छातीचं हाड लागत होतं पण टोचत नव्हतं. वय आठ आठवडे. चारशे रुपये दिले, खायची सवय मोडू नये म्हणून त्यांच्याकडचाच पावशेर दाणा घेतला आणि भोकं पाडलेलं खोकं मांडीवर घेऊन लोकलच्या खिडकीपासून दूर बसले. कल्याणपर्यंत खोक्यातून हूं की चूं नाही. ठाकुर्ली आली तशी एक बारीकशी चिवचिव झाली आणि समोरच्या बाई पेंगत होत्या त्या दचकून जाग्या झाल्या.

घरी आल्यावर त्याला निळूसमोर नेलं नाही. कितीही मोह झाला तरी नेलं नाही. लेकाची खोली रिकामी होती, तिथे त्याचा पिंजरा. निदान तीस दिवस, जमलं तर पंचेचाळीस, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पक्षी आजार लपवतो. वरून टुणटुणीत दिसणाराही आतून काही घेऊन आलेला असू शकतो. पोपटाच्या जातीच्या पक्ष्यांकडून माणसाला सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो आणि सासूबाईंना दमा आहे, म्हणून त्या खोलीत त्यांनी जायचंच नाही असं ठरलं. रोज आधी निळूचं सगळं करायचं, मग नव्याचं, आणि नंतर साबणाने हात धुऊन, वरचा कुडता बदलून बाहेर. ट्रेमधला पेपर गुंडाळण्याआधी त्यावर पाणी शिंपडायचं, धूळ उडू द्यायची नाही. भांडी वेगळी, घासणी वेगळी.

सासूबाईंनी दारातूनच त्याचं नाव ठेवलं. पिंजऱ्यात पेरूची फांदी लावली होती, धुऊन उन्हात वाळवलेली. पहिला सबंध दिवस तो तिची साल सोलत बसला, म्हणून पेरू. दाणा पाहून त्या म्हणाल्या, "हे राळंच की! आमच्याकडे साताऱ्याला भोगीला याचा भात करायचे." तेव्हापासून राळं निवडणं, पाखडणं त्यांनी आपल्याकडे घेतलं. पक्ष्याला कॅल्शियमसाठी द्यायचा समुद्रफेसाचा तुकडाही त्यांच्याच औषधाच्या डब्यातून निघाला.

पेरू आल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्याने बंद दारामागून एक हाक घातली. निळू हॉलमध्ये गाजर कुरतडत होता. तो थिजला. सगळी पिसं अंगाला चिकटवून, उंच, काडीसारखा होऊन उभा राहिला. मग त्यानेही हाक घातली. तीन वर्षांत हा आवाज मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. शीळ नव्हे, बडबड नव्हे; एकच, छोटा, मध्येच वर जाणारा सूर. आतून तसाच सूर आला. त्या दिवसानंतर दोन दारं आणि एक पॅसेज मध्ये ठेवून त्यांचं हे सकाळ-संध्याकाळ चालायचं. एकमेकांना त्यांनी पाहिलं नव्हतं.

वजन मी रोज सकाळी करायचे, स्वयंपाकघरातल्या केकच्या काट्यावर. काट्यावर एक छोटा डबा आणि डब्यात राळ्याचं कणीस ठेवलं की पेरू आपणहून चढायचा. एकतीस ग्रॅम, एकतीस, बत्तीस. बाराव्या दिवशी काट्यावर तो अगदी डोळ्यांसमोर असताना चोचीच्या कोपऱ्यात काहीतरी दिसलं. पांढरट खपली. मोबाइलची बॅटरी लावून पाहिलं तर खपलीत बारीक बारीक भोकं, मधाच्या पोळ्यासारखी. त्याच दिवशी ठाणे गाठलं. चोचीवर होणारी खरूज होती, डोळ्याला न दिसणाऱ्या किड्यांची. डॉक्टरांनी मानेवरची पिसं फुंकून बाजूला केली आणि उघड्या कातडीवर औषधाचा एक थेंब सोडला. दोन आठवड्यांनी दुसरा. हे औषध वजनाप्रमाणे मोजून द्यायचं असतं, दुकानातून आणून आपल्या मनाने लावलं तर पक्षी दगावतो. पहिल्याच दिवशी दोघांना एकत्र केलं असतं तर आतापर्यंत निळूलाही झालं असतं. खपली विरघळत विरघळत ऑगस्टअखेर चोच साफ झाली. बेचाळीस दिवस भरले, १ सप्टेंबरला पेरूचा पिंजरा हॉलमध्ये आला.

पहिल्या दिवशी पाच फुटांवर. निळू त्याला बघून पिंजऱ्याच्या पार मागच्या दांडीवर गेला. पेरू मात्र जाळीला चिकटून हाका मारत राहिला. दुसऱ्या दिवशी निळू पुढच्या दांडीवर. तिसऱ्या दिवशी पिंजरे दोन फुटांवर आणले आणि निळूने डोक्यावरची पिसं फुलवून, दांडीवर चोच टकटक आपटत, मान डोलवत भाषण सुरू केलं. मध्येच "आले, आले!" सासूबाई हसून हसून दमल्या.

इथे मी चूक केली. ६ सप्टेंबरला हरतालिका, दुसऱ्या दिवशी गणपती. आमच्याकडे गौरींबरोबर जाणारा, पाच-सहा दिवसांचा. हॉलमध्ये मखर, लेक पुण्याहून येणार, दोन्ही नणंदा मुलाबाळांसह. दोन पिंजऱ्यांना जागाच उरेना. आणि पाच दिवस दोघं इतके छान बोलत होते. मी संध्याकाळी पेरूला उचललं आणि निळूच्या पिंजऱ्यात सोडलं. जुना, लहान पिंजरा, एकच भांडं, वरची एकच आवडती दांडी.

दहा मिनिटंसुद्धा गेली नसतील. मी पत्री धूत होते. चिरका आवाज आला आणि धावले तर पेरू तळाशी होता आणि निळू दांडीवर, त्याची पिसं विस्कटलेली. पांढऱ्या भांड्याच्या कडेला रक्ताचे तीन ठिपके. पेरूचं नख मुळापासून दुखावलं होतं. एवढ्याशा जीवात रक्त ते किती असणार! रुमालात धरून त्याच्या नखावर कॉर्नफ्लोअर दाबून धरलं, मिनिटभर, मग आणखी एक मिनिट. माझ्या तळहातावर त्याचं काळीज इतक्या वेगाने उडत होतं की ठोके मोजता येत नव्हते. रक्त थांबलं. लेकाने येऊन काहीही न विचारता आपली बॅग आत्याच्या खोलीत टाकली आणि पेरूला पुन्हा त्याच्या खोलीत जागा दिली.

निळूचा राग धरण्यात अर्थ नव्हता. तीन वर्षं ते त्याचं घर होतं आणि मी न विचारता तिथे पाहुणा आणून ठेवला होता. ढोल, फटाके, घरभर माणसं, त्यात हे. भीतीने तोही कावराबावरा झाला होता.

विसर्जनानंतर सगळं पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी दोघांसाठी नवा पिंजरा घेतला, तीस इंच लांब, अठरा इंच रुंद, तेवढाच उंच, तारांमधलं अंतर अर्धा इंच. उंच पिंजरा दिसायला छान असतो पण बजी आडवा उडतो, त्याला लांबी लागते. दाण्याची दोन भांडी, पाण्याची दोन, समोरासमोरच्या टोकांना, म्हणजे एकाला दोन्हीवर बसता येत नाही. पेरूच्या झाडाच्या दोन फांद्या एकाच उंचीवर, कारण भांडण होतं ते सगळ्यात वरच्या जागेवरून. झोपाळा ठेवला नाही. पिंजरा तयार करून रिकामाच ठेवला, दोघांपैकी कोणालाच त्याची सवय नको म्हणून. जुने पिंजरे वीतभर अंतरावर. अगदी चिकटवायचे नाहीत, जाळीतून बोटं धरली जातात. मी काय बघत होते ते सांगते. एक खायला बसला की दुसराही बसतो का. झोपताना कुठे बसतात. दहाव्या रात्री कापड टाकायला गेले तेव्हा दोघंही आपापल्या पिंजऱ्यात दुसऱ्याकडच्या टोकाला बसले होते, मध्ये जाळी आणि वीतभर हवा.

मग बाहेरच्या भेटी. रोज संध्याकाळी अर्धा तास. पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, स्वयंपाकघराचं दार लावलेलं. पडद्याच्या दांडीवर दोघं बसायचे. निळू जवळ सरकला की पेरू सरकायचा. चोचीला चोच आपटणं, एखादी चपराक, ओरडणं, हे चालतं; तिथे मी मध्ये पडले नाही. पाय पकडला किंवा पाठलाग थांबेना असं झालं तर मध्ये पडायचं ठरवलं होतं, तशी वेळ एकदाही आली नाही. धने पेरून आलेल्या कोथिंबिरीची जुडी टेबलावर ठेवली की दोघं तिच्यावर उतरायचे, दोन बाजूंनी. एकत्र खाण्यासारखं दुसरं काही नाही.

घटस्थापनेच्या सकाळी, ३ ऑक्टोबरला, सुट्टी नव्हती पण मी रजा घेतली. दिवसभर घरी राहता येणार होतं म्हणून तोच दिवस निवडला. दोघांना एकाच वेळी नव्या पिंजऱ्यात सोडलं आणि समोर मोडा टाकून बसले. पहिला तास दोघं दोन टोकांना. मग पेरू सरकला. निळूने चोच उघडून दटावलं, तो वीतभर मागे झाला, थांबला, आणि परत आला. बदलापूरच्या गच्चीवर पाहिलं होतं तसंच. तिसऱ्यांदा निळूने दटावलं नाही. दुपारी सासूबाईंनी मला जेवायला उठवलं, त्यांनी माझ्या जागी बसून पहारा दिला. मी वरणभात संपवते तोच त्यांनी हळू आवाजात हाक मारली. निळूने मान खाली घातली होती, डोळे मिटले होते, आणि पेरू त्याच्या गालाची पिसं एकेक करून चोचीतून काढत होता. स्वतःच्या डोक्याला पक्ष्याची चोच पोहोचत नाही. तीन वर्षं ती जागा मी माझ्या करंगळीच्या नखाने खाजवत होते.

खरं सांगायचं तर मला थोडं लागलं. निळू आता मी शाळेतून आले की पूर्वीसारखा जाळीवर येत नाही. बघतो, हाक मारतो, आणि पेरूकडे वळतो. खांद्यावर येतो ते कोथिंबीर हातात असेल तर. मी सोबती आणला तेव्हा मनात होतं की मला वेळ नसेल तेवढ्यापुरता दुसरा त्याच्याशी बोलेल, बाकीचा माझाच राहील. तसं झालं नाही. तसं व्हायला नकोच होतं, हे कळायला मला दिवाळी उजाडली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या रस्त्यावर माळ फुटली की दरवर्षी हा अंधारात पिंजरभर आपटायचा, सकाळी तळाला तुटलेली पिसं सापडायची. त्या रात्री मंद दिवा ठेवून मी बाहेर सोफ्यावर झोपले. माळ वाजली, कापडाखाली फडफड झाली. उठून कापड वर केलं तर दोघं एका फांदीवर, अंगाला अंग लावून, ताठ. मी काही केलं नाही, कापड परत सोडलं. थोड्या वेळाने आतून चोच चोचीवर घासण्याचा करकर आवाज यायला लागला. बजी निवांत झाला, झोपेला आला की तो आवाज येतो.

जानेवारीत पेरूच्या नाकाचा पट्टा पूर्ण निळा झाला. काकांना फोटो पाठवला, त्यांनी वहीत खूण केली म्हणाले. शब्द तो एकही शिकलेला नाही. निळूचा "आले, आले" मात्र गेलेला नाही. बेल वाजली की अजून म्हणतो, आणि बेल नसतानाही म्हणतो, पेरूसमोर डोकं फुलवून, मान डोलवत, सासूबाईंच्या सुरात. पेरू ऐकून घेतो. सासूबाईंना आता दुपारी झोप लागते. उठल्यावर त्या पिंजऱ्याखालचा केर काढतात आणि सुपलीत निळी-हिरवी पिसं मिसळलेली निघाली की वेगळी करून एका वाटीत ठेवतात. पुण्याहून लेक आला की त्याला दाखवायला.